शेंद्र्याच्या उन्हात काय विणावं?

मराठी घरातल्या विणकामाचं वर्ष लहान असतं. दसऱ्याच्या आसपास लोकरीचे गुंडे बाहेर येतात, दिवाळीनंतर स्वेटर, कानटोप्या, मफलर सुयांवर चढतात आणि संक्रांत सरली की सगळं पिशवीत बांधून माळ्यावर जातं. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्यानं चिकलठाणा आणि केंब्रिज चौक मागे टाकून शेंद्र्याला आलं, की हा हिशेब बरोबरही वाटतो. डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेवढीच काय ती थंडी. होळीनंतर ऊन तापू लागतं, चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला आलेली माणसं झाडाची सावली धरून बसतात आणि मे महिन्यात पारा ४० अंशांना भिडतो.

मग उरलेले आठ-नऊ महिने विणणाऱ्या हातांनी काय करायचं? सुया ठेवून द्यायच्या, की उन्हाळ्याला साजेल असं काही विणायचं? आणि विणायचं तर कोणत्या धाग्यानं? हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. आठ महिने न वापरलेली कला हातातून निसटत जाते. शिवाय हा मुलूख कापसाचा आहे. ज्याच्या शिवारात कापूस फुटतो त्यानं विणताना फक्त लोकरीचाच विचार करावा, हे पटत नाही.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भक्कम आहेत, म्हणून त्या दोघींच्या तोंडी दिल्या आहेत. मावशी शाळेत शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेली. भाची वस्त्रतंत्र शिकून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी. दोघी कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र खरा आहे.

मावशी: माझं म्हणणं सरळ आहे. सुयांवरचं विणकाम ही थंडीची विद्या. सुलट काय, उलट काय, प्रत्येक टाका म्हणजे एक फास, आणि त्या फासाफासात हवा अडकते. अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर स्वेटर ऊब देतो. मे महिन्यात अंगावर हवा कोंडून ठेवायची कशाला? उन्हाळ्यासाठी मागावरचं कापड आहे की. मलमल आहे, वायल आहे, खादी आहे, सुती साडी आहे. सुयांनी त्यांच्या वाटेला जाऊच नये.

भाची: पण मावशी, बनियन आणि टी-शर्ट हीसुद्धा टाक्यांचीच कापडं आहेत ना? तिरुपूरच्या यंत्रांवर निघतो तो आपला सुलट टाकाच, सुईमागून सुई. तेच बनियन घालून माणसं भर उन्हात शेतात राबतात. म्हणजे दोष टाक्याचा नाही, जाडीचा आहे. टी-शर्टला साधारण ३० काउंटचं सूत लागतं. त्याच्या एका ग्रॅममध्ये ५० मीटर धागा बसतो. आपण सुयांवर मध्यम जाडीचं सुती सूत घेतो, त्याच्या एका ग्रॅममध्ये जेमतेम २ मीटर बसतो. तेवढ्याच लांबीला ते २५ पट जड झालं. म्हणून उन्हाळ्याचा पहिला नियम मी असा सांगेन: धागा बारीक घ्या.

मावशी: हा नियम सांगायला सोपा आहे. स्वेटरला आपण ८-९ नंबरच्या सुया घेतो, बॉर्डरला १०-११. आपल्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. तुझ्या बारीक सुताला १२ नंबर लागेल. त्या सुयांवर पूर्ण ब्लाउज विणायचा म्हणजे उन्हाळ्याला धरलेलं काम पावसाळ्यात उतरायचं. आणि एवढं करून जे अंगावर येईल त्याहून दोन मीटर मलमलचा कुर्ता गारच राहणार. जिथे दुसरं कापड आपल्या कामाची जागा घेऊ शकत नाही, तिथे मेहनत घालावी. मलमल स्वेटरची जागा घेऊ शकत नाही. पण विणलेल्या ब्लाउजची जागा ती सहज घेते.

भाची: बारीक धाग्याला बारीकच सुई लागते असं कुठे आहे? उन्हाळ्यात नेमकं उलटं करायचं. १२ नंबरच्या सुईचा धागा ८ नंबरच्या सुईवर विणायचा. टाके मोठे आणि सैल पडतात, कापड हलकं होतं, अंगावरून सुळसुळीत उतरतं आणि काम निम्म्या वेळात होतं. त्यातच जाळीची वीण घ्यायची: दोनाचा एक टाका करायचा आणि दोरा पुढे घेऊन त्याची भरपाई करायची. जिथे भोक आहे तिथे धागा नाही, म्हणजे वजन नाही आणि अडसरही नाही. क्रोशात तर हे आणखी सोपं. दोन साखळ्या, एक खांब, दोन साखळ्या, एक खांब, की झाली जाळी. आंध्रातल्या नरसापूरकडे बघ. गोदावरीच्या मुखाजवळचा तो दमट, तापलेला भाग. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सुती दोऱ्याची क्रोशाची लेस विणतात. त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपल्या पैठणपासून वाहत जाणाऱ्या नदीच्याच काठचं हे काम आहे. गरम हवेचं आणि टाक्यांचं वैर असतं तर ते तिथे टिकलं नसतं.

मावशी: नरसापूरची लेस मेजावर, पडद्यावर आणि कपड्याच्या काठावर बसते. ती अंगभर कुणी घालत नाही. आणि जाळीचं गुणगान करताना एक गोष्ट तू सोडून दिलीस. जाळीतून वारा येतो तसं ऊनही येतं. दुपारी दोन वाजता जालना रस्त्यावरून स्कूटीनं जाणाऱ्या मुली बघ. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंतचे मोजे. त्यांना जाळी घालायला देऊन काय उपयोग? भोकाभोकातून हात भाजेल.

भाची: हे मात्र खरं आहे, आणि उन्हाळ्यासाठी विणायला बसणाऱ्या प्रत्येकीनं ते आधी लक्षात घ्यावं. सावलीतला कपडा वेगळा, उन्हातला वेगळा. घरात, ऑफिसात, संध्याकाळी गच्चीवर जाळी. भर उन्हात मात्र घट्ट विणीचं, पण अंगाला न चिकटणारं काही. सैलपणाला किती महत्त्व आहे यावर एक जुना अभ्यास आहे. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, हे शास्त्रज्ञांनी तपासलं होतं. १९८० साली 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झालं. काळा झगा पांढऱ्याहून जास्त तापतो, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत हवेत निघून जाते. आतल्या माणसाला दोन्ही झग्यांत सारखीच उष्णता लागते. म्हणून स्कूटीवरच्या हातमोज्यांसाठी मी बारीक सुती धागा घेईन, वीण दाट ठेवीन, आणि मोजा दंडाला आवळणार नाही असा ऐसपैस विणीन. मनगटाशी तेवढी चार-पाच सेंटिमीटर एक सुलट, एक उलट.

मावशी: बरं, आता धाग्यावर ये. दुकानात उन्हाळ्यासाठी म्हणून काय काय गळ्यात मारतात. मऊ, चकचकीत, 'बेबी', 'कूल', 'बांबू'. त्यातलं खरं काय?

भाची: आधी हे सांगायला हवं की आपण ज्याला लोकर म्हणून घरी आणतो ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं. तुमच्या वेळी त्याला कॅशमिलॉन म्हणायचे. धुवायला सोपं, स्वस्त, रंग पक्का. थंडीत ते चालून जातं. उन्हाळ्यात नाही, आणि त्याचं कारण मोजून सांगता येतं. प्रत्येक तंतू हवेतला ओलावा थोडाफार धरतो. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीत साधारण १६ ग्रॅम पाणी मावतं, व्हिस्कोजमध्ये ११ ते १३, रेशमात ११, लिननमध्ये १२च्या आसपास, सुतात ८. अॅक्रिलिकमध्ये दीड-दोन ग्रॅम. पॉलिएस्टरमध्ये अर्धासुद्धा नाही. म्हणून अॅक्रिलिकच्या कपड्यात घाम आतच राहतो आणि कपडा अंगाला चिकटतो.

मावशी: तुझ्याच आकड्यांनी लोकर पहिली आली की! धनगर उगाच नाही बाराही महिने खांद्यावर घोंगडं घेऊन हिंडत. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्याला तेच. दख्खनी मेंढीची लोकर, मागावर विणायच्या आधी ताण्याला चिंचोक्याची खळ. एवढं टिकाऊ वस्त्र दुसरं नाही.

भाची: घोंगडं अंगाला चिकटून नसतं मावशी. ते खांद्यावर असतं, डोक्यावर छपरासारखं असतं, रात्री अंथरायला असतं. त्यात आणि अंगात हवा खेळते. शिवाय दख्खनी लोकर जाड आणि राठ असते, कातडीला टोचते. आणि लोकरीची आणखी एक गोष्ट आहे. ओलावा शोषताना ती स्वतः थोडी उष्णता सोडते. थंडीत हे वरदान, मे महिन्यात जाच. नुसत्या ओलाव्याच्या आकड्यावरून धागा निवडायचा नाही, हे मला मान्य आहे. तो आकडा आणि आपली हवा, दोन्ही जोडून बघायचं. शेंद्र्याची उन्हाळी हवा कोरडी असते. घाम येतो तसा उडून जातो, आणि उडताना अंग थंड करतो. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच हे कारण. म्हणून इथे सूत उत्तम. ते घाम टिपतं आणि कोरड्या हवेला देऊन टाकतं. रत्नागिरीत किंवा मुंबईत तेच सूत दिवसभर दमट राहतं, कारण बाहेरची हवाच ओलावा घ्यायला तयार नसते. तिथे मी लिनन मिसळलेला धागा घेईन. तो सुताहून लवकर वाळतो आणि कडक असल्यामुळे अंगाला चिकटत नाही.

मावशी: लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. आपण जवसाची चटणी खाल्ली, त्याचा कपडा कधी विणला नाही.

भाची: विणून बघ. सुरुवातीला हाताला राठ लागतो, सुईवर अडतो. पण प्रत्येक धुण्याला मऊ होत जातो. बांबूचं म्हणशील तर बाजारातलं बहुतेक बांबूचं सूत हे व्हिस्कोजच असतं. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा. मऊ, थंड, झुळझुळीत असतो, पण ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. पिळून धुतला तर आकार जातो. सुताचं उलटं आहे. ते ओलं झाल्यावर जास्त बळकट होतं. रोजच्या घामाच्या, रोज धुवायच्या कपड्याला म्हणूनच सूत बरं.

मावशी: सुताची एवढी बाजू घेतेस, तर त्याचे दोषही ऐक. तीस वर्षं मुलींना शिकवलंय मी. लोकर चुका पोटात घालते. टाका सैल पडला, घट्ट पडला, धुतल्यावर सगळं सारखं होतं, कारण तिला लवचीकपणा असतो. सूत काहीही लपवत नाही. प्रत्येक वाकडा टाका कायमचा दिसतो. सुईचं टोक धाग्यात घुसून पदर सुटे होतात. मनगट आणि बोटं लवकर दुखतात. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे वजन. सुती स्वेटर धुवून तारेवर टाकला की बाह्या लांबतात, गळा खाली येतो, दोन-चार धुण्यांत कमरेचा कपडा मांडीपर्यंत पोचतो. बॉर्डरची पट्टी एकदा ढिली पडली की परत आवळत नाही. शिकणाऱ्या मुलीच्या हातात पहिल्यांदा सूत द्यावं का, याचं माझं उत्तर नाही असंच आहे.

भाची: वजनाचा हिशेब तुझ्या बाजूनंच आहे. मध्यम जाडीचं अॅक्रिलिक १०० ग्रॅममध्ये २८० मीटरच्या आसपास भरतं, सूत २०० मीटरच्या आसपास. ज्या स्वेटरला १२०० मीटर धागा लागतो तो अॅक्रिलिकचा सव्वाचारशे ग्रॅम होईल, सुताचा सहाशे. ते सगळं वजन खांद्यावर लोंबणार. म्हणून सुती कपड्याची रचनाच वेगळी करायला हवी. कपडा आखूड, बाह्या आखूड किंवा नाहीतच. पुढचा भाग आणि पाठ वेगवेगळी विणून शिवणीनं जोडायची, कारण शिवण कपड्याला तोलून धरते. खांद्याच्या शिवणीत आतून बारीक सुती फीत घालायची. पट्टीला मुख्य सुईपेक्षा दोन नंबर बारीक सुई. आणि वाळत घालताना तारेवर नाही, खाटेवर पंचा अंथरून त्यावर सपाट.

मावशी: आणि आधी नमुन्याचा तुकडा. तो मुली कधीच करत नाहीत.

भाची: सुतासाठी तर हवाच. १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, मोजायचा, धुवायचा, ओला असतानाच चिमटा लावून टांगायचा आणि वाळल्यावर पुन्हा मोजायचा. रुंदी घटते, लांबी वाढते. जेवढी वाढली तेवढी कपड्याच्या मापातून आधीच कमी करायची. राहिला लवचीकपणा, तर त्याचं उत्तर इथेच शेंद्र्यात तयार होतं. इथल्या ऑरिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्सचा कारखाना आहे, २०१९ पासून. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला हा तंतू. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत येतो. सुतात शंभराला तीन-चार भाग मिसळला तर मोज्याची पट्टी ढिली पडत नाही.

मावशी: स्पॅन्डेक्स मला सगळीकडे नको. गरम पाण्यानं आणि इस्त्रीनं तो कालांतरानं मरतो, मग कपडा जागोजागी फुगतो. आणि विणलेल्या कपड्याचं मोठं सुख म्हणजे तो उसवून पुन्हा विणता येतो. आपल्या आयांनी एकच लोकर तीन भावंडांना पुरवली. तुझा मिश्र धागा उसवला की कुरळा आणि निकामी.

भाची: पट्टीपुरता घेऊ. मोज्याची पट्टी, टोपीची कड. बाकी सगळं निव्वळ सूत. आता तूच सांग, अंगावर घालायचा एकही विणलेला कपडा उन्हाळ्यात नकोच, हे म्हणणं अजून कायम आहे का? इथल्या मुलींचा दिवस बघ. बाहेर ४० अंश, कंपनीच्या बसमध्ये एसी, ऑफिसात दिवसभर एसी. खांदे गारठतात. शाल उन्हात नेता येत नाही, सनकोट टेबलाशी बसून घालवत नाही. बारीक सुताचं, जाळीचं, समोरून उघडं श्रग दीडशे-दोनशे ग्रॅममध्ये होतं. पर्समध्ये घडी करून मावतं. मलमल हे काम करत नाही, कारण तिथे थोडी ऊबच हवी असते.

मावशी: हे काम पटलं. कारण तिथे तू उन्हासाठी विणत नाहीस, एसीसाठी विणतेस. माझा मुद्दा शाबूतच आहे. कपडा नेमक्या कोणत्या हवेत घालायचा ते आधी ठरवायला हवं. तसं ठरवलं तर मी उन्हाळ्यासाठीही विणकाम सांगते. आपल्या शहराचं जुनं मशरू आठव. वर रेशीम, आत सूत. अंगाला लागतं ते सूत, डोळ्याला दिसतं ते रेशीम. एका धाग्यानं सगळी कामं करायची नाहीत, जिथे जो चांगला तिथे तो लावायचा. तसंच कपड्याचं. कुर्त्याचं अंग मागावरच्या कापडाचं, आणि गळा, योक, बाहीची कड क्रोशाची. आमच्या पिढीत झबल्याला, उशीच्या अभ्र्याला, परकराला हेच होतं. कापड अंगाला गार ठेवतं, जाळी नेमक्या गळ्याशी वारा देते आणि सगळा भार कापड उचलतं. लोंबणं नाही, ढिलं पडणं नाही. एवढुशा योकला २० नंबरचा क्रोशाचा दोरा लागतो आणि काम मांडीवर मावतं.

भाची: यावर माझा काही वाद नाही. उलट हेच काम नव्यानं शिकवायला हवं. आणि बाळंतविड्याचं काय? उन्हाळ्यात बाळ होणाऱ्या घरातही तू लोकरीचंच टोपडं-मोजे देतेस.

मावशी: देते, कारण नवजात बाळाला पहिल्या दिवसांत ऊब लागते.

भाची: लागते, पण किती, ते डॉक्टर सांगतील. आपण देताना सुती द्यावं, म्हणजे घरातल्यांना हवं तेव्हा घालता आणि काढता येईल. अॅक्रिलिकच्या टोपड्यात डोक्याचा घाम जिरत नाही, बाळ रडत राहतं.

मावशी: ठीक आहे, एप्रिल-मेच्या बाळाला सुती टोपडं, सुती दुपटं. पण तुझी जाळी तिथे आणू नकोस. बाळाची बोटं जाळीत अडकतात. मोज्याच्या आत लोंबता धागा राहिला तर बोटाभोवती गुंडाळला जातो, ते धोक्याचं. बाळाचं सगळं बंद विणीचं, साधं सुलट, आतली टोकं नीट गुंफलेली. गळ्याशी लांब नाड्या नाहीत, मणी नाहीत. लहान मुलाच्या वस्तूत शोभेला शेवटचा नंबर.

भाची: आता विणणाऱ्या बाईच्या सोयीचं बोलू. उन्हाळ्यात मांडीवर मोठं काम घेऊन बसवत नाही. तळहाताला घाम येतो, लोकर ओली आणि मळकट होते. वीज गेली आणि पंखा थांबला की ब्लँकेटचा भार मांडीवर नकोसा होतो.

मावशी: म्हणून उन्हाळ्यात तुकड्यातुकड्यांचं काम घ्यावं. चौकोन, फुलं, पट्ट्या. हिवाळ्यात ते जोडायचे. लोकरीचं कामसुद्धा असं बाराही महिने चालू राहतं. घामेजल्या हातात अॅल्युमिनियमच्या सुया निसटतात, लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्याव्यात. काम सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावर. आणि अंगावरच्या कपड्याहून घरातल्या वस्तू आधी. पाण्याच्या बाटलीची जाळी, भाजीची पिशवी, भांडी पुसायचे चौकोन, अंग घासायचा जाडसर रुमाल.

भाची: भाजीची पिशवी तर पहिलं काम म्हणून सगळ्यांनी करावी. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून बाजारात पिशवी लागतेच. सुताचे जे दोष तू सांगितलेस, ते पिशवीत गुण होतात. ती ताणली जाते, म्हणजे जास्त मावतं. फक्त तळ दाट मुक्या खांबांचा करायचा, म्हणजे हिरवी मिरची आणि लसूण गळणार नाही. वर जाळी. पट्टा मात्र रुंद आणि दाट, नाहीतर खांद्याला काचतो. आणि शिकणाऱ्या मुलीला सूत देऊ नये म्हणतेस ना? पिशवीवर शिकू दे. वाकडा टाका तिथे कुणी मोजत नाही.

मावशी: शिकू दे. पण एक सांग, एवढं सूत आणायचं कुठून? विणकामाच्या दुकानात लोकरीच्या भिंती असतात आणि सुताला एखादा कप्पा. त्यात क्रोशाच्या दोऱ्याच्या लहान लहान गुंड्या. एका श्रगाला किती गुंड्या घेणार? आणि बिल किती होणार?

भाची: खरी अडचण हीच आहे. करमाडपासून जालन्यापर्यंत, पुढे परभणी-नांदेडपर्यंत कापूस पिकतो. त्याचं सूत होतं ते मागासाठी आणि यंत्रासाठी, एकेरी आणि बारीक. हातानं विणायच्या धाग्याला अनेक पदर एकत्र पिळावे लागतात, ते काम इथे फार कुणी करत नाही. तरी घरी वाट काढता येते. हातमागवाल्यांकडे सुताचे कोन मिळतात. २० काउंटच्या एकेरी सुताचा एक ग्रॅम ३४ मीटर भरतो. त्याचे आठ पदर एकत्र धरले की एका ग्रॅमला चार मीटरचा धागा तयार होतो, १०० ग्रॅमला ४२० मीटर. श्रगासाठी, योकसाठी, झबल्यासाठी अगदी हवा तसा. नुसते पदर धरले तर सुईत सुटे होतात, म्हणून चरख्यावर किंवा टकळीवर त्यांना हलका पीळ द्यायचा. पण मूळ सुताच्या पिळाच्या उलट दिशेनं, तरच धागा शांत बसतो. मग लडी करून गरम पाण्यात धुवायची. जे आकसायचं ते विणण्याआधीच आकसतं, आणि रंग सुटणार असेल तर तोही तेव्हाच कळतो.

मावशी: उलटा पीळ देणं शाळकरी मुलीलाही जमेल. असा धागा मिळाला तर मी उन्हाळी वर्ग घ्यायला तयार आहे. माझी अट एकच. पहिल्या महिन्यात कुणीही अंगात घालायचं काही विणायचं नाही. पिशवी, मग हातमोजे, मग योक. सुताचा स्वभाव हाताला कळल्यावर कपडा.

भाची: आणि माझी अट: वर्गात अॅक्रिलिकचा गुंडा यायचा नाही, आणि कोणतीही वस्तू सुरू करण्याआधी ती कुठे, कोणत्या हवेत वापरायची ते वहीत लिहायचं.

इथे दोघी थांबल्या तरी त्यांचं एकमत झालेलं नाही. मावशीला अजूनही वाटतं की भर उन्हात अंगभर कपडा म्हणून मागावरचं कापडच श्रेष्ठ. भाचीला वाटतं की धागा बारीक आणि वीण मोकळी असेल तर सुयांचा कपडाही तितकाच गार राहील. मी मे महिन्याच्या दुपारपुरती मावशीच्या बाजूला आहे आणि उरलेल्या उन्हाळ्यात भाचीच्या. पण निवडीचा क्रम दोघींचा एकच आहे, आणि तो विणणाऱ्या प्रत्येकीनं स्वीकारावा. आधी वस्तू कुठे राहणार ते ठरवायचं: अंगाला लागून, अंगापासून दूर, की हातात. मग वीण ठरवायची, दाट की मोकळी. धागा त्यानंतर. आपण दुकानात जाऊन आधी रंग आणि गुंडा घेतो आणि मग त्याचं काय करायचं ते शोधतो. उन्हाळ्याचं विणकाम फसतं ते बहुतेक वेळा इथेच.

राहिला सुताचा प्रश्न. तो एकेकीनं सोडवण्याचा नाही. कापूस, सूतगिरण्या, हातमाग, चरखा आणि विणणारे हात, हे सगळं मराठवाड्यात आहे; मधली एकच कडी नाही, पदर पिळून विणायचा धागा तयार करण्याची. ते काम मोठ्या भांडवलाचं नाही. गावोगावच्या बचत गटांनी ते हाती घेतलं, खादी केंद्रांनी कोन पुरवले आणि विणकामाच्या दुकानांनी लोकरीच्या भिंतीतला अर्धा भाग त्याला दिला, तर इथल्या बाईला इथल्याच कापसाचा गुंडा मिळेल. तोवर दुकानात गेलं की प्रत्येक वेळी सुती धागा मागत राहावा. मागणी दिसली की दुकानदार माल आणतोच.